वहिनींच्या अंगणातलं ऊन

शेजारच्या सुमनवहिनी अंगणात आमसुलं वाळत घालत होत्या. मला पाहून हसल्या. “बघा भावोजी, पूर्वी वाळवण घेऊन ऊन शोधत फिरायचे. आता ऊनच घरी राहायला आलंय!”

पूर्वी या अंगणावर त्यांच्या सुपारीच्या बागेची सावली असे. दूर समुद्र तापतो, गरम हवा वर चढते, तिची जागा घ्यायला चहूकडून वारा धावतो आणि गरगरू लागतो. चक्रीवादळ असं जन्मतं म्हणे. त्यात माझा हात नव्हता. पण किनाऱ्याकडची सुरूच्या झाडांची रांग मी तोडली होती, माझ्या लॉजच्या खोल्यांतून समुद्र दिसावा म्हणून. वादळ आलं तेव्हा वारा त्याच मोकळ्या जागेतून शिरला आणि वहिनींची उभी बाग आडवी झाली. गाव वादळाला शिव्या देत राहिलं. मीही दिल्या.

आज मात्र म्हणालो, “वहिनी, वाऱ्याला वाट मी करून दिली.”

त्यांचा हात थांबला. मग म्हणाल्या, “उन्हात नका उभे राहू. तिकडे बसा.”

अंगणात सावलीची एकच पट्टी होती, माझ्या लॉजच्या भिंतीची. मी तिथे बसलो. वहिनी उन्हात आमसुलं पसरत राहिल्या.