चर्चच्या आवारातला सलाम

२४ डिसेंबर. करंज्या तळत होते. सारणाचं खोबरं जरा जास्त भाजलं होतं, पण टाकून देण्याइतकं नव्हतं. तेवढ्यात वहिनी आली, माझ्या धाकट्या भावाची बायको. खाली बसायलाही तिला भिंत धरावी लागली.

वडील भावाकडे असतात. पक्षाघात झाल्यापासून त्यांचं सगळं अंथरुणातच होतं आणि ते सगळं वहिनी काढते.

"वन्सं, माझं कंबरडं मोडलं. आठवड्यातनं दोन दिवस तरी येताय का, तेवढं सांगा. तुमच्या भावाला आंघोळ म्हटलं की लगेच बाहेर काम निघतंय."

"त्या हातांनी आईला मारलेलं मी बघितलंय. त्या हातांना साबण लावायला मी येणार नाही."

"मला तरी त्यांनी सोन्यानं मढवलंय व्हय? भरलेलं ताट फेकून मारलंतं. तरी करतोय की मी." तिनं एक करंजी मोडून तोंडात टाकली. "खोबरं करपलंय," म्हणाली आणि गेली.

नाताळच्या उपासनेत प्रभूची प्रार्थना सुरू झाली. तिच्यात इतरांना क्षमा करण्याची ओळ आहे. आई गेल्यापासून त्या ओळीला मी तोंड मिटून घेते. देवासमोर खोटं कशाला बोलायचं? यंदा पुढच्या बाकाशी वहिनी कमरेवर हात दाबून उभी होती आणि तीच ओळ मोठ्यानं म्हणत होती. मीही म्हणाले. आत काही हललं नाही. प्रभू, शब्द म्हटलेत, पुढचं तू बघ, एवढं मात्र मनात आलं.

उपासना संपली की आवारात सगळे एकमेकांना सलाम करतात. भावानं वडिलांना रिक्षातून आणलं होतं. ते आतच बसून होते आणि लोक जाऊन त्यांचा हात धरत होते. एरवी मी बाजूच्या दारानं निघून जाते. त्या दिवशी पुढे गेले. 'माफ केलं, पण विसरले नाही,' असं सुनवायचं ठरवलं होतं.

"सलाम," म्हटलं.

"सलाम, बाई." त्यांनी चालता हात पुढे केला. "कुणाच्या म्हणायच्या तुम्ही?"

वहिनी कानाशी म्हणाली, "कुणालाच वळखत न्हाईत आता. काल हेबी सांगणार हुतो, तुम्ही बोलू कुठं दिलं?"

हात धरला. गार होता, नखांत घाण होती. ज्या माणसावर मी इतकी वर्षं राग धरला, तो रिक्षात नव्हताच. त्याला बोल लावता येत नव्हता, आणि माफ केलेलंही त्याला कळणार नव्हतं. मन हलकं वगैरे झालं नाही. पण वहिनीला पुन्हा 'येणार नाही' म्हणायला जीभ उचलेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाच्या घरी गेले. वहिनीला पडून राहायला सांगितलं आणि वडिलांच्या अंगाखालची चादर ओढली. भाऊ चपला घालत होता.

"त्या काढ," मी म्हटलं. "आणि इकडे येऊन पाय धर त्यांचे."