मिस्त्रींचे कान आणि माझी वही

आमच्या गाडीचे मिस्त्री ब्रेक कानाने तपासत. काचा खाली करून गाडी भिंतीच्या कडेकडेने हळू न्यायची, म्हणजे आवाज भिंतीवर आपटून परत येतो, आणि सांगायचं, "पुढचं डावं चाक. पॅड अर्धं राहिलंय." चाक उघडलं की तसंच निघे. आमच्या यांचा त्यांच्यावर फार जीव. "डॉक्टर बदलेन, मिस्त्री नाही," म्हणत. मिस्त्रींचं उत्तर ठरलेलं, "साहेब, डॉक्टर उघडून बघणार, मी नुसता ऐकतो."

चौतीस वर्षं ते एकाच गॅरेजात होते. बायको लवकर गेली, लेकीला एकट्याने वाढवलं, ती सासरी गेल्यावर डबाही स्वतःच करत. नखांतलं काळं कधी निघत नसे, म्हणून आमच्याकडे चहाला आले की बोटं दुमडून कप उचलत.

हे गेल्यावर गाडी मी चालवू लागले. चार वर्षांत पुढच्या ब्रेकच्या डिस्क तिसऱ्यांदा बदलायची वेळ आली. गॅरेजात आता जुन्या मालकांचा मुलगा बसत होता.

"काकू, तुमची गाडी चार वर्षांत पाच हजार किलोमीटरही फिरली नाही, आणि डिस्क संपतात? मिस्त्रीकाका कसला माल बसवतात, त्यांनाच ठाऊक. या महिन्यानंतर त्यांना घरी बसवतो."

मिस्त्रींनी जन्मात कुणाचा एक नटही घरी नेला नव्हता. शाळेत नन्सनी लावलेल्या सवयीने मी रोज एक पान लिहिते, गाडीचंही त्यात येतं. चारही वर्षांच्या वह्या पिशवीत घालून मी गॅरेजात गेले आणि दोघांसमोर वाचू लागले. 'रविवार. गाडी धुतली, आत लावली.' पुढच्या रविवारी तेच. मध्ये एखादी औषधांच्या दुकानापर्यंत फेरी.

मिस्त्री माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. एकदम म्हणाले, "वहिनी, धुतल्यावर फिरवत नाही?"

"कशाला?"

"अहो, डिस्क म्हणजे उघडं बीड, ओतीव लोखंड. ओली राहिली की गंजते. रोजच्या गाडीत पॅड तो गंज पुसून काढतं. उभ्या गाडीत गंज आत शिरतो, खड्डे पडतात. मग त्या खरखरीत डिस्कवर पॅड घासतं आणि दोन्ही झिजतात. साहेब धुतल्यावर चक्कर मारून यायचे ना?"

यायचे. मी म्हणायचे, "निघाली स्वारी मिरवायला!" यांनी कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

मालक वरमला. "म्हणजे माल बरा होता तर."

तिथेच मी वही मिटायला हवी होती. पण जिंकल्याच्या भरात पुढचं पान वाचलं. 'बुधवार. ब्रेक लावला की कर्कश घासल्याचा आवाज. रस्त्यातली माणसं वळून बघतात. मिस्त्रींना दाखवली. भिंतीकडेने फेरी मारून म्हणाले, काही आवाज नाही, खुशाल न्या.'

वाचता वाचता माझा आवाज खाली आला. मालकाच्याही लक्षात आलं. मिस्त्री आमच्याकडे पाठ करून हात पुसत होते. वळले तेव्हा हसत होते.

"पटलं ना मालकांना?"

मालक माझ्याजवळ येऊन म्हणाला, "काकू, माल बरा असून काय करू? ब्रेकचं काम आहे. उद्या कुणाचा जीव जायचा." या वेळी त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मी वह्या पिशवीत भरल्या.

महिना संपला तेव्हा मिस्त्री निरोप घ्यायला आले. कप तसाच, बोटं दुमडून उचलला.

"वहिनी, तुम्ही तर माझ्या बाजूने बोललात. मग कुठे बिनसलं? वहीत असं होतं तरी काय?"

"काही नाही," मी मोठ्याने म्हणाले. "गाडी धुतल्याच्या तारखा."

ते मान हलवत राहिले. ऐकू आलं की नाही, कळलं नाही.

त्या दिवशी वहीत लिहिलं, 'मिस्त्री आले. चहा घेतला. गाडी धुऊन फिरवून आणली.'