चहा नको म्हणणाऱ्या बाई

लेकीची फुटबॉल मॅच असली की त्या नंदेसरीहून बडोद्याला येत. गोल झाला की "शाबाश, बेटा!" असं ओरडत, की अख्खं मैदान वळून बघे. मी थर्मासमधला चहा पुढे केला की मात्र हळूच म्हणत, "ना भाऊ, आत्ताच घेतला." दर वेळी तेच. मला त्या शिष्ट वाटायच्या.

परवा नव्या स्टेडियममध्ये काय हवं, हे विचारायला आम्हा प्रेक्षकांना बोलावलं होतं. कुणी छप्पर मागितलं, कुणी मोठा स्क्रीन, मी पार्किंग. मग त्या उठल्या. "लेडीजसाठी बाथरूम करा, बस. मॅच असली की मी सकाळपासून पाणीसुद्धा पीत नाही."

माझी मान वर होईना. मध्यंतरात आम्ही पुरुष त्यांच्यासमोरूनच भिंतीआड जाऊन यायचो, आणि परत आल्यावर मी त्यांना चहा विचारायचो.