राक्षसांच्या गावात घर बघायला

मँचेस्टरहून मिनीबस निघाली तेव्हा माझ्या मांडीवर तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा होता, पायात नवेकोरे ट्रेकिंगचे बूट होते आणि शेजारी आमचे हे होते. मी डोंगर चढणार होते आणि हे खाली बसून राहणार होते. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात याच डोंगराच्या पायथ्याशी बरोबर उलटं घडलं होतं. ती फिट्टंफाट याच जन्मात करायची, असं मी ठरवलं होतं.

डोंगर आहे उत्तर वेल्समध्ये, समुद्राला खेटून. त्याच्या माथ्यावर लोहयुगातलं एक गाव आहे. छपरं कधीच गेली, पण दगडी भिंती अजून उभ्या आहेत. नाव त्रेर केइरी (राक्षसांचं, म्हणजे महाकाय माणसांचं गाव). ट्रेक ठरवला होता आमच्या मराठी मंडळातल्या नितीनने. नितीन मूळचा ठाण्याचा, आयटीत आहे, आणि कुठल्याही टेकडीबद्दल हिमालयासारखं बोलतो. व्हॉट्सॲपवर त्याने ‘हाय अल्टिट्यूड हेरिटेज ट्रेक’ असं लिहिलं होतं. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला इथली उंची सांगितली तर तो चपला घालूनच निघेल! पण इथला वारा सह्याद्रीला माहीत नाही, आणि माझं वय नितीनला चांगलं माहीत होतं.

“काकू, तुम्ही अर्ध्या वाटेवरच्या फाटकापर्यंत या. मग बघू,” तो म्हणाला.

“बघू काय? मी तिथे गुरं राखत बसू?”

“आजी, प्लीज,” माझी नात रेवा पुढच्या सीटवरून कुजबुजली. ही मँचेस्टरमध्ये जन्मलेली, युनिव्हर्सिटीत शिकणारी, आणि मी चारचौघांत तोंड उघडलं की हिचे कान लाल होतात.

कॉनवीचा किल्ला मागे पडला, डावीकडे डोंगर आणि उजवीकडे समुद्र सुरू झाला, आणि मला ती सुमन आठवली. ती म्हणजे मीच, पण तिची जबाबदारी मी आता घेत नाही. ती नुकतीच पुण्याहून आली होती. हे हॉस्पिटलात ज्युनिअर डॉक्टर, राहायला हॉस्पिटलची एक खोली. यांनी मित्राची गाडी मागून आणली आणि म्हणाले, डोंगरावर जाऊ. बाईंच्या डोळ्यांपुढे महाबळेश्वर! घोडे असतील, मक्याची कणसं असतील, पॉइंटवर फोटो काढू. म्हणून नायलॉनची साडी, उंच टाचांचे सँडल आणि डोक्यावर स्प्रे मारून ताठ केलेला उंच अंबाडा. पायथ्याशी वाऱ्याने पहिल्या मिनिटाला पदर डोक्यावरून नेला, दुसऱ्या मिनिटाला एक टाच चिखलात रुतली. बाई गाडीत जाऊन बसल्या आणि काच वर करून म्हणाल्या, “दगड बघायला एवढं चढायचं? दगड काय इथे कमी आहेत?”

हे एकटे वर गेले. परत आले ते तोंडभर हसत. “सुमन, वर घरं आहेत! एका घराचं दार समुद्राकडे आहे. दारात उभं राहिलं की नुसतं पाणी. आपण तेच घेऊ या.” आम्ही तेव्हा खरोखरच घर शोधत होतो. बाईंनी काच चार बोटं खाली केली. “किल्ली कुणाकडे मिळेल ते विचारा,” असं म्हणून पुन्हा वर!

पुढे आम्ही मँचेस्टरात घर घेतलं. त्याच्या दारासमोर बसस्टॉप आहे. मी भूल देणारी डॉक्टर झाले, हे हाडांचे. जन्मभर दुसऱ्यांचे गुडघे बदलले आणि शेवटी स्वतःचे दोन्ही बदलून घेतले. समुद्राकडे दार असलेलं घर मात्र यांच्या तोंडून अधूनमधून निघतच राहिलं. आता वर जाणं यांना शक्य नव्हतं. म्हणजे ते घर आमच्यापैकी कुणी पुन्हा पाहायचं तर ती मीच, आणि आणखी दोन वर्षांनी तीही नाही.

पायथ्याच्या गावाचं नाव आमच्या बसमधल्या एकालाही उच्चारता आलं नाही. तिथल्या कॅफेत आमची गाइड भेटली. ग्वेन. पन्नाशीची, रापलेली, गालांवर लाल शिरा. तिने सगळ्यांना पानद (कपभर चहा) पाजला आणि बारा ब्रिथ (चहात भिजवलेल्या मनुकांचा गोड पाव) खायला घातला. मग माझ्याकडे पाहून विचारलं, “नाइन पण येणार?” नाइन म्हणजे तिकडे आजी.

“नाइन सर्वांत पुढे येणार,” मी म्हटलं.

“नको. सर्वांत पुढे चालणारा दमतो. तू माझ्या मागे चाल. अरा डेग (सावकाश). फाटकापाशी मी तुझा चेहरा बघेन आणि ठरवेन. आणि नियम एकच. परत इथे येईपर्यंत बूट काढायचे नाहीत. चालून पाय सुजतात, मग बूट चढत नाहीत.”

हे खिडकीपाशी पेपर उघडून बसले. मी निघाले तेव्हा हे म्हणाले, “घर बघून ये.”

“किल्ली द्या,” मी म्हटलं.

वाट मेंढ्यांच्या कुरणातून वर जाते. दोन्ही बाजूंना हीदर (जांभळी झुडपं) फुललेली, मध्ये बिलबेरीची निळीकाळी फळं. आपल्या करवंदाची धाकटी, गरीब बहीण समजा. मी ग्वेनच्या टाचांवर नजर ठेवून चालत होते. टाच उचलली की माझा पाय, टाच टेकली की माझा श्वास. मागे नितीन आमच्या माणसांना ‘जय हो’ करायला लावत होता. फाटक आलं तेव्हा तोच कठड्याला टेकून धापा टाकत होता. ग्वेनने माझा चेहरा बघितला, मनगट धरून नाडी बघितली.

“डा यऊन (फार छान), नाइन. चल.”

“आणि हा?” मी नितीनकडे बोट दाखवलं. “याला गुरं राखायला ठेवायचं का?”

रेवा हसली. मोठ्यांदा, सगळ्यांसमोर. कान लाल न होता.

शेवटचा चढ घसरत्या दगडांचा. तिथे मी दोनदा हात टेकले आणि एकदा जीभ सैल सोडली, सुदैवाने मराठीत. आणि मग एकदम तट समोर आला. पुरुषभर उंच, चुन्याशिवाय रचलेला, दगडावर दगड. दरवाजातून एका वेळी एकच माणूस जाईल अशी चिंचोळी वाट. आपल्या गडांवर असते तशीच. आत शिरले आणि थांबले. घरंच घरं! गोल, लांबट, एकमेकांना पाठ लावून बसलेली, कंबरेइतक्या भिंतींची. सगळीकडे वारा, आणि खाली दोन्ही बाजूंना समुद्र.

समुद्राकडे दार असलेली घरं एक सोडून पुष्कळ निघाली. हे मला यांनी सांगितलं नव्हतं! पण एकाच्या दारात उभं राहिलं तर खरोखरच नुसतं पाणी. तेच असणार. मी खाली बसले, नाड्या सोडल्या, बूट काढून उंबऱ्याच्या दगडाशी जोडीने लावले आणि आत गेले.

आमच्या घरी बॉयलर दुरुस्त करायला येणाराही बूट दाराशी काढतो. काढणार नसेल तर बॉयलर बंद राहतो. त्या क्षणी ग्वेन, तिचा नियम, सूज, काही म्हणजे काही आठवलं नाही. कुणाच्या तरी घरात शिरत होते, बस्स.

“आजी! बूट!” रेवा ओरडली. मग ती दारापाशी आली. माझ्याकडे पाहिलं, उंबऱ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने आपले बूट काढून माझ्या बुटांशेजारी ठेवले. तिला घरी लहानपणापासून हेच शिकवलं होतं, आणि मैत्रिणींसमोर याचीच तिला लाज वाटायची. मग नितीन आला. मग सगळेच. ओल्या गवतावर मोजे घालून आम्ही त्या घरात दाटीने बसलो आणि पुऱ्या खाल्ल्या. बाहेर बुटांची ही रांग, सत्यनारायणाला लागते तशी.

ग्वेन दाराबाहेर उभी होती. मी म्हटलं, “आत ये.”

“नियम माझाच आहे, मला बूट काढता येत नाहीत. आणि तुम्हाला पाहिल्यावर बूट घालून यायला जमत नाही.” मग म्हणाली, “लोक या भिंतींवर चढतात. बसतात. दार असल्यासारखं आजवर कुणी आलं नव्हतं.”

मी तिला पुरी बाहेर दिली.

आणि मग अर्थातच माझा डावा बूट चढेना. उजवा कसाबसा गेला. डावा अडून बसला, त्या सुमनसारखा. ग्वेनचा चेहरा बदलला. खालून मदत बोलवावी लागेल, स्ट्रेचर येईल, असं ती हळूच रेवाला म्हणाली. हळूच, पण माझे कान सुजले नव्हते.

“आयुष्यभर मी माणसांना स्ट्रेचरवर झोपवलंय,” मी म्हटलं. “स्वतः झोपणार नाही. खाली खिडकीत एक माणूस बसलाय. त्याच्यासमोर मी चालत जाणार.”

रेवाने माझे जाड मोजे उतरवले आणि स्वतःचे पातळ मोजे मला चढवले. ग्वेनने नाडी भोकांतून पूर्ण ओढून काढली, बुटाच्या आतली गादी उपसली. आई बाळाला घालते तसा दोघींनी मला बूट घातला. गादी मी खिशात टाकली आणि उतरायला लागले. प्रत्येक खडा तळपायाला आपली ओळख करून देत होता. रेवा माझ्यापुढे उलटी चालत होती, दोन्ही हात पसरून, मी तिला चालायला शिकवताना चालत होते तशी. मी मात्र तिचे हात धरले नाहीत. एकदाही नाही. हे इथे मुद्दाम लिहून ठेवते.

कॅफेच्या दारात हे उभे होते. काठी टेकून, कोट घालून, केव्हापासून कोण जाणे. माझी चाल पाहून हाडांच्या डॉक्टरला सगळं कळलं असणार, पण विचारलं वेगळंच.

“पाहिलंस?”

“पाहिलं. छप्पर नाही, पण हवेशीर आहे. दारात उभं राहिलं की नुसतं पाणी.”

“मी म्हणत नव्हतो?”

“हो, म्हणत होतात. मीच काच वर केली.”

यांनी माझा हात धरला. तेवढा मात्र मी धरू दिला.

ते बूट आता आमच्या मँचेस्टरच्या दाराशी आहेत. डाव्यात गादी अजून घातलेली नाही, आणि चिखल मी कुणाला पुसू देत नाही. परवा बॉयलरवाला आला. आपले बूट त्यांच्याशेजारी काढताना त्याने विचारलं, एवढा चिखल कुठला?

“घर बघायला गेले होते,” मी म्हटलं.