विंगेत गिळलेलं वाक्य

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. आणि वैशालीला — तिला कसं सांगणार?

लातूर नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं, आणि दुष्काळ होता. हॉस्टेलवर टँकर एक दिवसाआड यायचा. तरी विद्यापीठाच्या युवक महोत्सवाला आमच्या कॉलेजची एकांकिका नांदेडला जाणारच होती. नव्या जिल्ह्याचं नाव काढायचं होतं ना! एकांकिका होती पाण्यासाठी कोसभर चालणाऱ्या एका बाईची. मी शिरूर अनंतपाळकडची. माझी आई त्या वर्षी रोज तेच करत होती. ती भूमिका माझीच, असं मी धरून चालले होते.

नाटक बसवणाऱ्या सरांनी ती वैशालीला दिली. वैशाली शहरातल्या वकिलाची मुलगी. "तुझे उच्चार मागच्यांना कळायचे नाहीत," सर मला म्हणाले. "तू तिला गावाकडचं बोलणं शिकव. आणि विंगेतून प्रॉम्प्टिंग कर."

शिकवलं मी. आई कशी बोलते, घागर उतरवताना कमरेवर हात ठेवून कशी कण्हते — सगळं दिलं. आणि एक दिवस मेसमध्ये काय बघते? तालमीनंतर आमच्यासोबत जेवायला आलेली वैशाली ताट डोक्यावर धरून माझ्या आईची नक्कल करतेय. "लई लांब हाय गं बाई, न्हाई जमत आता!" पोरी हसून लोळत होत्या. मला बघून म्हणाली, "अगं, तालीम करतेय." मीही हसले. का हसले? ते आजही कळत नाही. पण त्याच दिवशी ठरवलं — हिला दाखवायचं.

तालमीत ती एकाच जागी अडकायची — कोरड्या विहिरीपाशी, लेकीशी बोलताना. दरवेळी मी पहिले दोन शब्द द्यायचे, की ती पुढे सुटायची. नांदेडला, भर दुपारी, भरल्या सभागृहात ती तिथंच थांबली. विंगेकडे मान वळवली. वही माझ्या हातात उघडी होती. मला तर वहीही लागत नव्हती. मी तिच्या डोळ्यांत बघितलं — आणि ओठ मिटून घेतले.

प्रेक्षकांतून एक शिट्टी आली. मग हशा. मला तो गोड लागला — खोटं कशाला बोलू? ती रडत आत पळाली. पडदा पाडावा लागला.

पण खरं पाप त्यानंतरचं. ती माझ्या गळ्यात पडली. "तू सांगत होतीस ना? मलाच ऐकू आलं नाही गं!" सर शेजारीच उभे होते. मी म्हणाले, "हाव. तीनदा सांगितलं."

सर तिला सगळ्यांदेखत नको नको ते बोलले. ती पुन्हा कधी स्टेजवर चढली नाही. पुढच्या वर्षी मुख्य भूमिका मला मिळाली, बक्षीसही मिळालं. वैशाली पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती.

अजून कुठं भेटलो तर ती लोकांना सांगते, हिनं मला सावरायचा फार प्रयत्न केला होता. मी गप्प ऐकून घेते. लाज वाटते का? वाटते. पण त्याआधी — अगदी क्षणभर — बरं वाटतं.