कडेच्या दोन खुर्च्या

एका म्हाताऱ्या माणसाला मी खुर्चीवरून उठवलं, ते चुकलंच माझं. कल्याणचं आमचं नाट्यगृह नूतनीकरणानंतर उघडलं होतं आणि गाण्याची मैफल होती. मित्राने ऐन वेळी टांग दिल्याने माझ्या दोन जागांपैकी एक रिकामीच राहणार होती. दुसरीवर ते बसले होते, शेजारच्या खुर्चीच्या नव्या मखमलीवरून हात फिरवत.

"काका, तिकीट बघा. तुमची जागा मागे आहे."

"माहितेय हो. हिचे गुडघे दुखायचे, म्हणून आम्ही दोघं कायम इथेच कडेला बसायचो. खुर्च्या बदलल्यात, जागा तीच आहे." ते ओशाळून उठले.

तरीही मी बसलो. गाणं मात्र कानात शिरेना. मध्यंतरात त्यांच्यापाशी गेलो.

"काका, माफ करा मला. तुम्ही तिथे बसा, मी इथे बसतो. शेजारची खुर्ची रिकामीच आहे."