दोरी ओढायला कोणी हवं

आमचे हे गेले त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी वादळ आलं आणि लाईन गेली. आमच्याकडे विजेला कोणी वीज म्हणत नाही, लाईनच म्हणतात. गोंडपिपरीकडून गावात येणारी तार जंगलातून येते. वारा सुटला की कुठेतरी एखादं झाड तारेवर पडतं, आणि ते सापडून, तोडून, तार जोडेपर्यंत गाव अंधारात. कधी रात्रभर, कधी दोन-दोन दिवस. माझं घर गावाच्या अगदी शेवटी. मागे सांदवाडी, म्हणजे परस, कुंपणापलीकडे शेत आणि शेतापलीकडे जंगल. बिबट्या कुंपणापर्यंत येतो, वाघाचे पंजे बांधावर दिसतात. म्हणून ह्यांनी पेट्रोलवर चालणारा छोटा जनरेटर घेऊन ठेवला होता. मागच्या दारावरचा दिवा विझता कामा नये, हा त्यांचा हट्ट.

ते असताना मी त्या यंत्राला कधी हात लावला नव्हता. त्या संध्याकाळी मागच्या पडवीत जाऊन ते करायचे तसं करून पाहिलं. पेट्रोल बघितलं, चोक ओढला, दोरीच्या मुठीला हात घातला. माझा उजवा खांदा आखडलेला आहे, हात एका मर्यादेपलीकडे मागे जात नाही. दोरी अर्धीच बाहेर यायची आणि यंत्र खोकून गप्प व्हायचं. पुन्हा ओढली, पुन्हा तेच. शेवटी मी तिथेच पायरीवर बसले आणि रडू आलं. त्यांच्या दहाव्याला, तेरवीला माणसांच्या गर्दीत जे आलं नव्हतं, ते त्या यंत्रासमोर आलं.

तेवढ्यात टॉर्चचा उजेड पडला. समोरच्या घरातली बाई काठी घेऊन आली होती.

"काऊन बाई, सुरू नाई होऊन राह्यला का?"

"खांद्यानं ओढवत नाही हो."

"सरका."

तिनं टॉर्च माझ्या हातात दिली, पदर खोचला, एक पाय यंत्राच्या चौकटीवर रोवला आणि दोरी अशी ओढली की यंत्र पहिल्या झटक्यात धडधडायला लागलं. दिवा लागला. माझे रडून लाल झालेले डोळे तिला दिसले असणार. "चाय मांडा," एवढंच म्हणाली.

आम्ही कितीतरी वर्षं समोरासमोर राहत होतो. मी शाळेतली बाई म्हणून ती मला बाई म्हणायची, ती वयानं मोठी म्हणून मीही तिला बाई म्हणायची. यापलीकडे आमचा संबंध नव्हता. मी सकाळी शाळेत जायची, ती त्याआधीच मोहफुलं वेचायला नाहीतर कोणाच्या बांधीत भाताच्या रोवणीला गेलेली असायची. ती गोंड, आतल्या जंगलातल्या गावातून लग्न होऊन इथं आलेली. नवरा कधीचाच वारला. मुलगा गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात, बायकोपोरांसह तिकडेच. म्हणजे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक बाई, आपापल्या घरात एकटी. हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

त्या दिवसापासून लाईन गेली की ती यायची. बोलवावं लागत नसे. गावभर अंधार झाला की थोड्या वेळात रस्त्यावर काठीचा आवाज यायचा. ती दोरी ओढायची, मी कोरा चहा मांडायची. मग तिचा मोबाईल चार्जिंगला लावून आम्ही घरापुढच्या छपरीत बसायचो. जनरेटरची घरघर एवढी असायची की मोठ्यानं बोलावं लागे, म्हणून फार बोलणं होतच नसे. ती मोहाच्या टोळी, म्हणजे बिया, फोडत बसायची, मी तांदूळ निवडायची. कधी तिच्या मुलाचा फोन यायचा. ती ओरडून सांगायची, "बाईकडं हावो मी! लाईन नाई ना!" ते "बाईकडं" ऐकून मला फार बरं वाटायचं.

माझी मुलगी पुण्यात असते. व्हिडिओ कॉलवर तिनं एकदा ती घरघर ऐकली.

"आई, अजून तेच घेऊन बसलीस? धूर केवढा येतो त्याचा. आणि पेट्रोल कोण आणतं?"

"बसवाला आणून देतो प्लास्टिकच्या डबकीत."

"घरात पेट्रोलची डबकी! आई, इन्व्हर्टर घे. बॅटरीवर आपोआप चालू होतो. तुला उठायलासुद्धा लागणार नाही."

तिचं खोटं नव्हतं. धुरानं माझा घसा धरायचा. यंत्र उघड्यावर ठेवावं लागे, आणि अंधार पडल्यावर मागच्या पडवीत जायला खरोखर भीती वाटायची. त्या वर्षी वनखात्याचा माणूस गावात सांगत फिरला होता, सांजेनंतर एकट्यानं बाहेर निघू नका म्हणून. ती बाई तर रस्ता ओलांडून यायची. तिला काही झालं तर?

मी चंद्रपूरला गेले. दुकानदारानं पंखे किती, दिवे किती, फ्रिज आहे का, सगळं विचारलं. मग म्हणाला, "म्याडम, लाईन दोन-दोन दिवस जात असन तर बॅटरी पुरनार नाई, आधीच सांगतो. सेल्फवाला जनरेटर घ्या. बटन दाबा, सुरू. दोरी ओढायची गरजच नाई."

मी त्या बटणाकडे बघत उभी राहिले. दोरी ओढायची गरज नसणं हे मला हवं होतं की नको होतं, ते तेव्हा मला नीट कळलं नाही. धूर तर त्यालाही होताच. मी बॅटरी घेतली.

दोन माणसं येऊन बसवून गेली. समोरची बाई बघायला आली होती. बॅटरीच्या काळ्या पेटीवर हात ठेवून म्हणाली, "येच्यात लाईन भरून राह्यते?"

"हो. लाईन असली की भरते, गेली की तीच वापरायची."

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "तुमचा तरास गेला."

त्यानंतर एका संध्याकाळी मी टीव्हीवर बातम्या बघत होते आणि बाहेर बघते तर सगळं गाव अंधारात. माझा पंखा फिरत होता, दिवा लागलेला होता. लाईन कधी गेली ते मला कळलंसुद्धा नव्हतं. मी उठून चहाचं आधण ठेवलं. दोन कपांचं. छपरीत येऊन बसले. समोरच्या घरात चिमणी मिणमिणत होती. ती आली नाही.

पुढच्या वेळीही आली नाही. तिसऱ्यांदा मीच दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर तिच्याकडे गेले. ती अंगणात सडा टाकत होती.

"काल आला नाहीत, बाई."

"तुमच्याकडं तर उजेड होता. मी येऊन काय करू?"

"मोबाईल तरी लावायचा होता चार्जिंगला."

"चक्कीवाल्याकडं जनरेटर हाये ना, तिथी लावला." मग म्हणाली, "तुमची तर भरलेली लाईन हाये, बाई. मी घेतली तं तुमाले कमी पडन."

मी म्हटलं, मोबाईलला कितीशी लागते! पण तिचं म्हणणं मला आतून पटलं, कारण मी स्वतःसुद्धा तेच करायला लागले होते. लाईन गेल्याचं कळलं की उठून एकेक दिवा बंद करायचा, टीव्ही बंद, एकच पंखा. जनरेटर चालू असताना असा हिशेब कधी केला नव्हता. तो चालू आहे तर आणखी एक दिवा, आणखी एक मोबाईल, आणखी एक माणूस चालायचं. बॅटरीच्या उजेडात मी कंजूष होऊन बसले होते.

"तसंच बसायला या," मी म्हटलं.

ती आली. स्वच्छ लुगडं नेसून आली. मी खुर्ची दिली तर खुर्चीच्या कडेवर बसली. हातात काही काम आणलं नव्हतं. इन्व्हर्टरचा आवाज नाही, त्यामुळे घरात इतकी शांतता की चहाचा घोट ऐकू येत होता. मी नातवंडांचं विचारलं. बरे आहेत म्हणाली. तिनं माझ्या मुलीचं विचारलं. बरी आहे म्हटलं. थोड्या वेळानं ती उठली. "येतो बाई," म्हणाली आणि गेली. तिच्या मागे मी दार लावलं. घरात एकटी असताना कधी वाटलं नव्हतं इतकं त्या वेळी एकटं वाटलं.

यंदाच्या मे महिन्यात मोठं वादळ झालं. खांबच पडले. पहिला दिवस बॅटरीवर निघाला. दुसऱ्या दिवशी सांज व्हायच्या आतच इन्व्हर्टर टीं टीं करायला लागला आणि एकदम सगळं बंद पडलं. दुकानदारानं सांगितलंच होतं. मी मेणबत्ती शोधत होते तर दारावर काठी वाजली.

"तुमचीबी गेली का?"

"गेली."

"मंग तो जुना कुठी हाये?"

आम्ही दोघी मागच्या पडवीत गेलो. ताडपत्री काढली. उरलेलं पेट्रोल तसंच टाकीत राहिलेलं, त्याला विचित्र वास येत होता. तिनं पाय रोवून दोरी ओढली. पुन्हा ओढली. कितीतरी वेळा ओढली. यंत्र खोकलंसुद्धा नाही. शेवटी ती धापा टाकत त्याच्यावरच हात टेकून उभी राहिली आणि हसायला लागली.

"मेला हा," ती म्हणाली. "दोघींचेबी मेले!"

तिच्या बोलण्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला आणि तिच्याही एकदमच शिरला असावा. तिनं जीभ चावली. मग मलाच हसू फुटलं. हे गेल्यापासून मी नवऱ्याच्या नावानं हसले नव्हते.

घरात येऊन मेणबत्ती लावली. ती खुर्चीवर बसली नाही, खाली भिंतीला टेकून बसली. मीही खाली बसले. ती म्हणाली, नवरा वारला तेव्हा मुलगा कडेवर होता, तो रडायचा म्हणून तिला रडायला सवड मिळाली नाही. मी तिला म्हटलं, मी त्या पायरीवर रडत होते ते तुम्हाला दिसलं होतं ना? ती म्हणाली, "दिसलं. तवा काय बोलाव, म्हून चाय मांडा म्हनलं."

तिसऱ्या दिवशी दुपारी लाईन आली. तिचा मुलगा तिला न्यायला गडचांदूरहून आला होता. फोन लागत नाही म्हणून घाबरला होता. सून पोटुशी आहे, बाळंतपण होईस्तोवर आई तिकडेच राहील म्हणाला. ती सामान बांधताना मी तिथे उभी होते. "चहा मांडते," एवढंच म्हणाले.

मुलगी आता सोलर बसव म्हणते. छपराला ऊन भरपूर आहे, आई, तुला कशाचीच चिंता राहणार नाही. मी बघते म्हणाले. संध्याकाळी समोरच्या घराला कुलूप असतं. बाई दिवाळीनंतर येईन म्हणाली होती. तिचा मुलगा फोनवर म्हणतो, नक्की नाही.